न मिळालेले तीन आठवडे : गांधीजींच्या ८ ऑगस्ट १९४२ च्या भाषणाची प्रस्तावना

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरच्या मांडवात 'छोडो भारत'चा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला आणि गांधीजी बोलायला उभे राहिले. अखिल भारतीय काँग्रेस समितीचे त्यांनी अभिनंदन केले, ते रीतीला धरूनच होते. पण त्याच दमात त्यांनी आणखी काही जणांचे अभिनंदन केले. हरणार हे ठाऊक असूनही आपल्या उपसूचना मतदानापर्यंत नेणाऱ्या तीन सभासदांचे आणि ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या तेरा जणांचे. एका साम्राज्याला चालते व्हा म्हणून सांगायला निघालेला माणूस सुरुवात करतो ती आपल्याच मांडवातल्या विरोधकांची पाठ थोपटून. पुढे छापलेले भाषण वाचताना ही सुरुवात ध्यानात ठेवावी, कारण ऐकीव माहितीवरून आपण मनाशी जे भाषण बाळगून असतो, त्याहून हे बरेच निराळे आहे.

आपल्याला ठाऊक असते ते 'करेंगे या मरेंगे' एवढेच. शाळेच्या पुस्तकात, क्रांतिदिनाच्या सभांमध्ये आणि चौकाचौकांतल्या फलकांवर हेच शब्द असतात. ते भाषणात आहेत आणि मंत्र म्हणूनच दिलेले आहेत. मात्र त्यांच्या मागेपुढे जे आहे ते फारसे कोणी वाचत नाही. लढा या घटकेला सुरू होत नाही, असे गांधीजी त्याच भाषणात स्पष्ट सांगतात. आधी आपण व्हाइसरॉयांना भेटू, काँग्रेसची मागणी मान्य करा म्हणून त्यांना विनवू, त्यात दोन-तीन आठवडे जातील, असा त्यांचा अंदाज होता. तोवर लोकांनी काय करायचे, हा प्रश्न ते स्वतःच उपस्थित करतात आणि उत्तर देतात चरख्याचे. मौलाना आझादांनाही आपण हेच उत्तर दिले होते, तेव्हा त्यांना ते पटले नव्हते, असे मोकळेपणाने सांगूनही टाकतात.

सरकारने तीन आठवडे सोडाच, ती रात्रसुद्धा पुरी होऊ दिली नाही. पहाटे गांधीजींना अटक झाली आणि जे भाषण एका वाटाघाटीची नांदी म्हणून केले होते, ते कैदेपूर्वीचे त्यांचे शेवटचे जाहीर शब्द ठरले. मंत्र लोकांपर्यंत पोचला, कार्यक्रम पोचलाच नाही, कारण तो अजून ठरलेलाच नव्हता. ही रिकामी जागा कोणी आणि कशी भरली, यात ४२ चा बराचसा इतिहास सामावला आहे. ती रिकामी का राहिली हे समजून घ्यायचे तर तीन वर्षे मागे जावे लागते.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात उतरल्याचे जाहीर केले. मध्यवर्ती कायदेमंडळाला विचारले नाही, प्रांतांत निवडून आलेल्या मंत्रिमंडळांनाही विचारले नाही. अकरांपैकी आठ प्रांतांत तेव्हा काँग्रेसचा कारभार होता. ती मंत्रिमंडळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पायउतार झाली, मुंबईत बाळासाहेब खेरांचेही. गांधीजींची पहिली प्रतिक्रिया मात्र रागाची नव्हती. सिमल्याला व्हाइसरॉयांशी बोलताना लंडनची वेस्टमिन्स्टर ॲबी आणि पार्लमेंट बेचिराख होण्याच्या कल्पनेने त्यांना भरून आले होते, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. अडचणीतल्या इंग्रजाला खिंडीत गाठायचे नाही, या भूमिकेवर ते पुढची दोन वर्षे टिकून राहिले. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबा भाव्यांपासून सुरू झालेला वैयक्तिक सत्याग्रह याच हिशेबाने आखलेला होता. निवडलेल्या एकेका माणसाने उठायचे, युद्धाविरुद्ध बोलायचे आणि तुरुंगात जायचे. सरकारचा कारभार ठप्प व्हावा अशी त्यात योजनाच नव्हती.

मग हाच माणूस दीड-दोन वर्षांत सामुदायिक लढ्यापर्यंत कसा आला? उत्तर पूर्वेकडे आहे. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून. अभेद्य म्हणून गाजवलेले ठाणे कोसळले आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले. ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे डोंगर-जंगलांतून पायी आसाम-बंगालकडे निघाली. वाटेत गोऱ्यांसाठी एक सोय आणि काळ्यांसाठी दुसरी, अशा कहाण्या त्यांच्याबरोबर देशभर पसरल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. बंगालच्या नदीमुखांकडच्या मुलखात शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने होड्या काढून घेतल्या. ज्यांची शेती, बाजार आणि मासेमारी होडीवर चालते त्यांचे काय, याची फिकीर कोणी केली नाही. हे राज्य आपले रक्षण करू शकत नाही, आणि पळताना आपल्याला सोबतही नेणार नाही, असे सामान्य माणसाला वाटू लागले होते. लोक बँकांतून पैसे काढत होते, बंदरांच्या शहरांतून बायकामुलांना गावी धाडत होते.

मार्चअखेर सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत आले. युद्ध संपल्यावर वसाहतीच्या स्वराज्याचा दर्जा, नको असेल त्या प्रांताला बाहेर राहण्याची मुभा आणि तूर्त संरक्षण खाते ब्रिटिशांकडेच, असा त्यांचा प्रस्ताव होता. एप्रिलच्या मध्याला ते हात हलवत परतले. त्यानंतर गांधीजींच्या 'हरिजन'मधल्या लेखांचा सूर बदललेला दिसतो. इंग्रज इथे आहेत हेच जपानला आमंत्रण आहे, तेव्हा त्यांनी व्यवस्थितपणे निघून जावे, असे ते लिहू लागले. देश अराजकाच्या हाती सोपवावा लागला तरी चालेल, इथपर्यंत त्यांची मजल गेली. जूनमध्ये अमेरिकी पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिला. त्याने खोदून खोदून प्रश्न विचारले. तोवर गांधीजींनी एक मोठी गोष्ट मान्य केली होती. इंग्रजांची सत्ता गेली तरी जपानला रोखण्यासाठी आणि चीनच्या मदतीसाठी दोस्तांच्या फौजांना स्वतंत्र हिंदुस्थानात तळ ठेवता येईल. चँग कै-शेक आणि रूझवेल्ट यांना त्यांनी पत्रे लिहिली तीही याच काळात. हिंसेचा धोका त्यांना दिसत नव्हता असे नाही. तो पत्करूनही आता थांबता येणार नाही, असे ते उघड म्हणत होते. ४२ मध्ये पुढे जे घडले त्याने ते चकित झाले असतील, पण ते सर्वस्वी अनपेक्षित होते असे त्यांचे त्या उन्हाळ्यातले लेख वाचून म्हणवत नाही.

काँग्रेसच्या आतही सगळे एकदिलाने या निर्णयाला आले नव्हते. जवाहरलाल नेहरूंचे मन रशिया आणि चीनकडे ओढत होते. फॅसिझमशी झुंजणाऱ्यांच्या पाठीत आपल्या हातून खंजीर बसू नये, ही त्यांची धास्ती होती. अध्यक्ष मौलाना आझाद यांनाही शंका होत्या. राजगोपालाचारी तर इतके विरोधात गेले की जुलैत त्यांनी काँग्रेसचे सभासदत्वच सोडले. १४ जुलैला वर्ध्याला कार्यकारिणीने ठराव केला तो या सगळ्या ओढाताणीनंतर. काँग्रेसबाहेरही विरोधकांची उणीव नव्हती. ज्या कम्युनिस्ट पक्षावरची बंदी सरकारने जुलैत उठवली होती, त्याच्या दृष्टीने हे आता लोकयुद्ध होते. मुस्लिम लीगला हा डाव आपल्याविरुद्ध वाटला. सावरकरांनी हिंदुमहासभेच्या माणसांना आपापल्या जागा न सोडण्याचा आदेश दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच जुलैत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले होते. शत्रू वेशीवर आला असताना कायदा-सुव्यवस्था मोडणे त्यांना बेजबाबदारपणाचे वाटत होते. या साऱ्यांना एका ओळीत 'विरोधक' म्हणून बसवणे सोपे आहे, पण प्रत्येकाचे कारण वेगळे होते. गांधीजींनी त्या रात्री तेरा मतांची जी दखल घेतली, तिला या पार्श्वभूमीवर अर्थ येतो.

समितीची बैठक ७ ऑगस्टला सुरू झाली ती गवालिया टँकवर. गवळ्यांच्या गुराढोरांच्या तळ्यावरून नाव पडलेली ही जागा काँग्रेसला परकी नव्हती. डिसेंबर १८८५ मध्ये पुण्यात भरायचे ठरलेले पहिले अधिवेशन पटकीच्या साथीमुळे मुंबईला हलवले गेले आणि भरले ते याच तळ्याशेजारच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत. तेव्हा ७२ प्रतिनिधी होते. बहुतेक वकील, संपादक, सुशिक्षित मंडळी. राणीच्या सरकारकडे अर्ज कसा करावा याचा विचार करायला ते जमले होते. ५७ वर्षांनी त्याच परिसरात नेहरूंनी ठराव मांडला, सरदार पटेलांनी दुजोरा दिला. मांडवाबाहेर पावसाळी मुंबईतली गर्दी उभी होती, गिरण्यांतली, कॉलेजांतली, चाळींतली. मुंबईचे तेव्हाचे महापौर समाजवादी युसुफ मेहेरअली होते. 'क्विट इंडिया' ही घोषणा त्यांनीच सुचवली असे सांगतात. १९२८ ची 'सायमन गो बॅक' हीही त्यांच्याच नावावर आहे.

आता भाषणाकडे येऊ. गांधीजी आधी हिंदुस्थानीत बोलले, मग इंग्रजीत. वय ७२ वर्षांचे. हिंदुस्थानी भाषणाचा मोठा भाग हिंदू-मुस्लिम ऐक्यावर आणि जिनांवर खर्च झाला आहे. आजच्या वाचकाला तो लांबलेला वाटण्याचा संभव आहे. पण ज्या ठरावाने सत्तांतर मागितले, त्याच्यासमोर पहिला प्रश्न 'सत्ता कोणाच्या हाती?' हाच होता, आणि तो टाळून पुढे जायचे त्यांनी नाकारले. मंत्र येतो तो यानंतर. आणि मंत्राच्या आधी एक सूचना येते, जिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. या क्षणापासून प्रत्येक स्त्री-पुरुषाने स्वतःला स्वतंत्र समजावे आणि तसे वागावे. लढा अजून सुरू नाही, पण स्वातंत्र्य मात्र आत्तापासून, अशी ही मांडणी आहे. तर्कदृष्ट्या ती अवघड आहे. माणूस स्वतंत्र झाला की तो परवानगीची वाट कशाला पाहील? पुढे गावोगावच्या माणसांनी नेमके हेच केले.

मग ते एकेका वर्गाशी बोलतात. वर्तमानपत्रांनी सरकारी बंधनाखाली छापण्यापेक्षा लेखणी खाली ठेवावी. संस्थानिकांनी स्वतःला प्रजेचे विश्वस्त मानावे. सैनिकांनी नोकरी सोडू नये, पण आपल्याच माणसांवर गोळी झाडणार नाही हे वरिष्ठांना सांगावे. विद्यार्थ्यांनी आपण काँग्रेसचे आहोत हे प्राध्यापकांना निर्भयपणे सांगावे. सरकारी नोकरांपाशी आल्यावर त्यांना उदाहरण आठवते ते न्यायमूर्ती रानड्यांचे. रानड्यांनी न्यायाधीशाचे पद सोडले नाही, पण आपण काँग्रेसचे आहोत हे सरकारपासून लपवलेही नाही. काँग्रेसच्याच मांडवात ते सामाजिक परिषद भरवत. नोकरांनी राजीनामे देऊ नयेत, रानड्यांसारखे उघडपणे आपली निष्ठा सांगावी, असे गांधीजींचे म्हणणे. बंडाच्या रात्री आदर्श म्हणून पुढे येतो तो एक संयमी, सनदशीर न्यायाधीश! मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. या लढ्याच्या पायाशी गांधीजींना काय हवे होते, ते या एका उदाहरणात जितके उघड होते तितके घोषणेत होत नाही. त्यांना हवा होता उघडेपणा. अशा लढ्यात काहीही चोरून करायचे नाही, स्वतंत्र माणूस गुप्त चळवळीत पडत नाही, हे त्यांनी बजावून सांगितले.

इंग्रजी भाषणात सूर आणखी बदलतो. श्रोते आता मांडवातले राहत नाहीत, ते लंडन, वॉशिंग्टन आणि चुंगकिंगमधले होतात. इथे लिनलिथगोंचा उल्लेख मित्र म्हणून येतो, आणि नुसता औपचारिक नाही. व्हाइसरॉयांची मुलगी आपल्याला भेटायला आली होती, त्यांचे ए.डी.सी. असलेले जावई आपल्याकडे ओढले गेले होते, पण आपल्यापेक्षाही त्यांना आपला सचिव महादेव याचा अधिक लळा लागला, असा घरगुती तपशील ते जगासमोर ठेवतात. ज्याच्याशी उद्या झुंजायचे त्याच्या घरातल्या आठवणी सांगण्याची ही पद्धत कोणाला भाबडी वाटेल. त्यामागे धोरणही आहे. ज्याला आपण भेटायला जाणार त्याच्यासाठी दार उघडे ठेवायचे. मात्र त्या दारातून काय मागणार याबद्दल संदिग्धता नाही. हिंदुस्थानी भाषणातच ते म्हणाले होते, की व्हाइसरॉय कदाचित मिठावरचा कर उठवू म्हणतील, दारूबंदी देऊ म्हणतील, पण मी म्हणेन, स्वातंत्र्याहून कमी काही नको. १९३० मध्ये ज्या मिठासाठी त्यांनी दांडीपर्यंत पायपीट केली होती, तेच मीठ आता तडजोडीतली किरकोळ बाब झाले होते. बारा वर्षांत मागणी किती वर सरकली, त्याचे याहून नेमके माप दुसरीकडे मिळणार नाही. ज्यांचा त्यांनी असा प्रेमाने उल्लेख केला ते महादेवभाई देसाई आठवडाभरात, १५ ऑगस्टला, पुण्याला कैदेतच वारले.

आता मांडवाबाहेर काय चालले होते ते पाहू. सरकारला भाषण ऐकून निर्णय घ्यायचा नव्हता. निर्णय झालेला होता. काँग्रेसला चिरडण्याचा वटहुकूम १९४० पासून मसुद्याच्या रूपात तयार होता. गांधीजींना एडनला आणि बाकीच्या नेत्यांना आफ्रिकेत कुठेतरी पाठवावे, असाही विचार झाला आणि मागे पडला. प्रसिद्धी खात्याचे सचिव फ्रेडरिक पकल यांनी जुलैत प्रांतिक सरकारांना गुप्त परिपत्रक धाडले होते. काँग्रेसच्या ठरावाविरुद्ध लोकमत कसे तयार करावे, याच्या सूचना त्यात होत्या. ते गांधीजींच्या हाती लागले आणि त्यांनी ते वर्तमानपत्रांकडे दिले. म्हणजे बैठक भरली तेव्हा दोन्ही पक्षांना एकमेकांचे पत्ते बरेचसे दिसत होते. फरक इतकाच की गांधीजींना अजून भेटीची आशा होती. अटकेच्या रात्रीपर्यंत ती सुटली नव्हती.

९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईचे पोलीस कमिशनर मलबार हिलवरच्या बिर्ला हाउसमध्ये आले. वॉरंट गांधीजी, महादेवभाई आणि मीराबेन यांच्यावर होते. कस्तुरबांना हवे तर सोबत येता येईल, असे सांगण्यात आले. त्या गेल्या नाहीत. संध्याकाळी शिवाजी पार्कला गांधीजी बोलणार होते, त्यांच्या जागी त्या बोलणार होत्या. सभेला निघाल्या तेव्हा त्यांनाही अटक झाली. निघताना गांधीजींनी प्यारेलालजींपाशी निरोप ठेवला, की अहिंसेच्या प्रत्येक सैनिकाने मंत्र कागदावर किंवा कापडावर लिहून अंगावर लावावा, म्हणजे तो पडला तर कोण होता ते ओळखू येईल. बोरीबंदरहून खास गाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून मोटारीने पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले. कार्यकारिणीचे सभासद नगरच्या किल्ल्यात गेले. शंकरराव देवही त्यांत होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले ते याच किल्ल्यात, आणि आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रेही इथलीच. इकडे गवालिया टँकवर त्या सकाळी अरुणा असफअलींनी झेंडा फडकवला आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला.

कार्यक्रमाची रिकामी जागा भरायला इथून सुरुवात झाली. पहिला हातभार लावला तो, नवल वाटेल, भारतमंत्री लिओ ॲमेरी यांनी. अटकांचे समर्थन करण्यासाठी त्यांनी रेडिओवरून काँग्रेसचा तथाकथित कट जगाला सांगितला. कारखाने, कचेऱ्या, कोर्टे आणि शाळांमध्ये संप, वाहतूक रोखणे, तार-टेलिफोनच्या तारा तोडणे, सैन्यभरतीच्या केंद्रांवर निदर्शने. गांधीजींनी न सांगितलेला कार्यक्रम लोकांना सरकारच्याच तोंडून कलमवार ऐकायला मिळाला. 'आम्हाला ठाऊक नव्हते काय करायचे, ॲमेरीसाहेबांनी सांगितले' असा विनोद त्या काळी होत असे तो उगाच नाही.

दुसरा हात भूमिगतांचा. अच्युतराव पटवर्धन, अरुणा असफअली, राममनोहर लोहिया, आणि नोव्हेंबरात हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून आलेले जयप्रकाश नारायण. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी ऑगस्टअखेर चोरटे 'काँग्रेस रेडिओ' केंद्र सुरू केले. जागा बदलत बदलत ते नोव्हेंबरपर्यंत चालले, १२ तारखेला पोलिसांनी पकडले. वर्तमानपत्रांवर बंधने होती तेव्हा गावोगावच्या बातम्या या आवाजातून कळत होत्या. स्वतंत्र माणूस गुप्त काही करत नाही, असे ज्या शहरात सांगितले गेले, त्याच शहरात त्या शिकवणुकीचा प्रसार करायला गुप्त केंद्र लागले. ही विसंगती कार्यकर्त्यांना कळत होती. उघड राहायचे तर तुरुंगात बसायचे, आणि तुरुंग तर भरलेच होते.

तिसरा आणि सर्वांत मोठा हात होता लोकांचा. त्यांनी मंत्राला आपल्या गावचा अर्थ दिला. मोर्चे निघाले ते मामलेदार कचेऱ्यांवर, कारण शेतकऱ्याला इंग्रजांचे राज्य दिसत होते ते तिथे, सारा भरताना आणि दाखले मागताना. ९ सप्टेंबरला साताऱ्याच्या वडूजमध्ये हातात तिरंगा घेऊन आलेल्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. त्याच दिवशी नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे मित्र गोळ्यांना बळी पडले. तिकडे चांदा जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये आणि वर्ध्याच्या आष्टीत १६ ऑगस्टला जमावाच्या हातून अधिकारी आणि पोलीस मारले गेले. मग चिमूरला फौज आली आणि बायकांवर अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भणसाळींनी दोन महिन्यांहून अधिक उपास केला. भाई कोतवालांचा 'आझाद दस्ता' मुरबाड-माथेरानच्या डोंगरांत वावरत होता. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते मारले गेले. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या भोवती प्रतिसरकार उभे राहिले आणि १९४६ पर्यंत टिकले. न्यायनिवाडे, खर्च टाळून लावलेली लग्ने, सावकार आणि गुंडांचा बंदोबस्त, आणि वेळ पडल्यास बंदूकही. यातले किती त्या रात्रीच्या भाषणात होते? निर्भयता सगळी होती, स्वतःला स्वतंत्र समजणे तर पुरेपूर होते. अहिंसा काही ठिकाणी होती, काही ठिकाणी नव्हती. चिमूर आणि वडूज या दोन्ही ठिकाणच्या माणसांनी आपण गांधीजींचाच हुकूम पाळला असे मानले.

किती माणसे यात सापडली, त्याचे सरकारी आकडे आहेत. १९४३ संपेपर्यंत ९१,८३६ अटका, त्यांतल्या सर्वाधिक २४,४१६ मुंबई इलाख्यात. पोलीस आणि लष्कराच्या गोळ्यांनी मेलेले १,०६०, आणि पोलिसांपैकी मारले गेलेले ६३. २०८ पोलीस ठाणी, ३३२ रेल्वे स्टेशने आणि ९४५ पोस्ट कचेऱ्यांची नासधूस. मेलेल्यांचा आकडा सरकारी आहे हे विसरू नये. जमावांवर विमानांतूनही गोळीबार झाला. ऑगस्टअखेर लिनलिथगोंनी चर्चिलना कळवले, की १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे आणि त्याची व्याप्ती आपण लष्करी कारणासाठी जगापासून लपवली आहे.

पुढे भाषण हाच पुरावा झाला. फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींचा २१ दिवसांचा उपास चालू असताना, सरकारने दंगलींची जबाबदारी काँग्रेसवर टाकणारी पुस्तिका काढली. त्यांच्या भाषणांतले आणि लेखांतले तुकडे तिच्यात दोषारोपासाठी जोडलेले होते. गांधीजींनी कैदेतून जुलैत लांबलचक उत्तर धाडले. त्यांचा मुद्दा सोपा होता. मी भेट मागणार होतो, हे त्याच भाषणात आहे, मग वाट न पाहता अटक का केली? लोक बिथरले ते अटकेने. सरकारचे म्हणणे, तुमचे शब्दच ठिणगी होते. दोन्ही बाजू एकाच मजकुरावर बोट ठेवत होत्या. सरकार मंत्रावर, गांधीजी तीन आठवड्यांवर. नंतरच्या अभ्यासकांचे वादही बरेचसे याच दोन बोटांच्या मध्ये फिरत राहिले आहेत.

२२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्येच वारल्या. ६ मेला गांधीजी सुटले, तेव्हा तीन आठवड्यांच्या जागी एकवीस महिने उलटले होते. त्यांनी भूमिगतांना प्रकट व्हायला सांगितले. अरुणा असफअलींच्या धैर्याचे मनापासून कौतुक करून, स्वाधीन व्हा, असे त्यांना लिहिले. काहींनी ऐकले. अरुणाबाई, अच्युतराव आणि साताऱ्याचे कार्यकर्ते १९४६ पर्यंत बाहेर आले नाहीत. ज्याच्या शब्दावर ते लढ्यात उतरले त्याच्याच सांगण्यावरून बाहेर यायला त्यांनी नकार दिला, आणि तरीही त्याच्यावरची त्यांची श्रद्धा कमी झाली नाही. भाषण तोवर बोलणाऱ्याचे राहिले नव्हते.

म्हणून वाचकाला एक विनंती. हे भाषण घोषणेपासून मागे वाचू नये, पहिल्या वाक्यापासून पुढे वाचावे. सैनिक, विद्यार्थी, संस्थानिक, सरकारी नोकर असा जो जो उल्लेख येईल तिथे थांबून विचारावे, की हे सांगणे त्या माणसापर्यंत पोचायला किती अवधी हवा होता आणि किती मिळाला. मंत्र थोडक्या शब्दांचा होता म्हणून तो एका रात्रीत देशभर गेला. रानड्यांचे उदाहरण, चरखा आणि भेटीची विनवणी यांना वेळ लागणार होता. तो दिला असता तर लिनलिथगोंनी मागणी मान्य केली असती, असे मानायला काहीच आधार नाही. पण गांधीजींचा लढा नेमका कसा दिसला असता, हे आपल्याला कळले असते. ते न कळण्याची जबाबदारी भाषणावर टाकता येत नाही. ती पहाटेच्या वॉरंटावर जाते, आणि वडूजचे, नंदुरबारचे, चिमूरचे बरेवाईट श्रेय जाते ते आपल्या समजुतीप्रमाणे ते भाषण पुरे करणाऱ्या माणसांकडे.